परसातली मातीची शेकोटी



महाराष्ट्रात वैशाखी पौर्णिमा येते ती रणरणत्या उन्हात. वंदना आटोपली की लोकांना सरबत द्यावे, खीर वाटावी, मंडपाला पंखे लावावेत, ही तिथली रीत. पृथ्वीच्या या दक्षिण अंगाला तीच पौर्णिमा पानगळीच्या अखेरीस येते. ते रापात मे महिन्यात साडेपाचच्या आतच अंधारू लागते, वायकाटो नदीच्या अंगाने धुके पसरते आणि गवतावर अनवाणी पाय ठेववत नाही. आषाढी पौर्णिमा तर ऐन हिवाळ्यात. घराच्या दिवाणखान्यात पंचवीस माणसे मावत नाहीत. म्हणून जेवणानंतर मंडळी परसात येतात, आणि हल्ली अनेकांच्या परसात मातीची, धुरांडे असलेली शेकोटी पेटलेली दिसते.

ही शेकोटी दुकानातून आणताना देखणी दिसते. दुसऱ्या हिवाळ्यात तिला चीर जाते, तिसऱ्यात तिचे धुरांडे निखळते, आणि मग ती कुंपणाशी पडून राहते. काही कुटुंबांनी आमच्याकडे याविषयी विचारणा केली, म्हणून या वेळचे सदर तिच्या वापराला आणि निगराणीला दिले आहे. तथापि निव्वळ मडके टिकवणे एवढाच आमचा हेतू नाही. आपल्या आई-आज्यांनी चुलीपुढे जे आयुष्य काढले, त्यातले काय जपायचे आणि काय पुन्हा घरात येऊ द्यायचे नाही, हा प्रश्नही या शेकोटीपाशी आपोआप उभा राहतो.

शेकोटीची घडण

या शेकोटीचे मूळ मेक्सिकोत. स्पॅनिश भाषेत धुरांड्याला ‘चिमेनेआ’ म्हणतात. त्यावरून दुकानांत तिला ‘चिमिनिआ’ हे नाव पडले. फुगीर पोट, पुढच्या अंगाला तोंड आणि वर निमुळते धुरांडे अशी तिची ठेवण असते. आत तापलेली हवा हलकी होऊन धुरांड्यातून वर जाते आणि तिच्या जागी तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ नीट लागली की विस्तव स्वच्छ जळतो आणि धूर बसलेल्यांच्या डोळ्यांत न जाता वर निघून जातो.

हे तत्त्व आपल्याला नवे नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्रातल्या गावोगावी धुरांड्याच्या ‘निर्धूर चुली’ बसवल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ चुली थोड्याच वर्षांत बंद पडल्या. कुठे धुरांडे काजळीने तुंबले, कुठे चूल घरच्या भांड्यांना बेताची ठरली, कुठे फुटलेला भाग दुरुस्त करायला कोणी आले नाही. चूल दिली गेली, पण तिची निगा कोण आणि कशी राखणार, हे ठरले नव्हते. विस्तवाचे कोणतेही साधन निगेवाचून टिकत नाही, हा धडा परसातल्या शेकोटीलाही लागू आहे.

मातीचा स्वभाव

भाजलेली माती सच्छिद्र असते. ती पाणी शोषते आणि ते लवकर सोडत नाही. शिवाय ती उष्णता सावकाश पुढे नेते. विस्तव एकदम मोठा केला की आतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते, आणि या ओढाताणीत मातीला चीर जाते. मातीत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली तर पापुद्रे उडतात. हेच पाणी कडक थंडीच्या रात्री गोठले तर त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि मडके आतून फाटते. शेकोटी फुटण्याची बहुतेक कारणे या तिहींत येतात. तेव्हा ती कोरडी ठेवावी, हळूहळू तापवावी आणि आपल्या आपण निवू द्यावी.

आपल्या आज्यांना हे सगळे ठाऊक होते. चूल घालताना त्या मातीत शेण आणि तूस कालवीत. तुसामुळे माती वाळताना आवळून तडकत नसे. चूल तापली की तूस जळून बारीक पोकळ्या राहत आणि एखादी चीर गेलीच तर ती तिथल्या तिथे थांबे. नवी चूल त्या सावलीत वाळवीत आणि पहिले काही दिवस तिच्यात काटक्यांचाच जाळ घालीत. रोज सकाळी राख काढून पोतेरे फिरवताना बारीक भेगा बुजत, म्हणजे दुरुस्ती हे वेगळे काम न राहता नित्याचा भाग होई. याला कोणी ज्ञान म्हटले नाही. बाईचे काम म्हटले. घरातल्या तरुण अभियंत्यांनी शेकोटीपाशी बसताना आजीला याविषयी जरूर विचारावे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात जे पुढे शिकलो, ते तिच्या बोटांना आधीच अवगत होते, असे त्यांना आढळेल.

जागा

शेकोटी सपाट, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी: काँक्रीट, विटा किंवा फरशी. लाकडी डेकवर ती ठेवू नये. ठिणगी फटीतून खाली गेली तर तासाभराने धुमसू लागते आणि तोवर मंडळी घरात गेलेली असतात. घराची भिंत, लाकडी कुंपण, झुडपे, वाळत घातलेले कपडे, या सर्वांपासून किमान ३ मीटर अंतर राखावे. लोखंडी तिवई डगमगत नाही ना, हे दर वेळी हाताने हलवून पाहावे. शेकोटी हलवायची असेल तेव्हा ती पूर्ण निवलेली असावी. दोघांनी मिळून पोटाला धरून ती उचलावी. धुरांड्याला धरून उचलल्यास नेमका तोच सांधा निखळतो.

एक गोष्ट आम्ही स्पष्ट शब्दांत लिहितो. पाऊस आला, थंडी वाढली, तरी ही शेकोटी गॅरेजमध्ये, बंद ओसरीत किंवा तंबूत नेऊ नये. निखारे वरून विझल्यासारखे दिसले तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच तो दगावतो. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी पेटवून निजलेली कुटुंबे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या हिवाळ्यात येत असतात. ‘आमच्या गावी शेगडी खोलीत ठेवत असू’ असे पाहुणे आलेले वडीलधारे म्हणतील. गावच्या घराला कौलांच्या फटी होत्या. इथली घरे ऊब राखण्यासाठी घट्ट बंद केलेली असतात. हे त्यांना आदराने, पण ठामपणे सांगावे.

पहिला जाळ

नव्या शेकोटीच्या तळाशी वाळूचा किंवा प्युमिसचा चार बोटे जाडीचा थर घालावा, म्हणजे निखारे थेट मातीला टेकत नाहीत. प्युमिस हा ज्वालामुखीतून निघालेला हलका, सच्छिद्र दगड. तौपोच्या ज्वालामुखीने फेकलेला प्युमिस वायकाटो नदीने शतकानुशतके या खोऱ्यात वाहून आणला आहे, त्यामुळे बागकामाच्या दुकानांत तो सहज मिळतो. नदीकाठचे गुळगुळीत गोटे मात्र आत घालू नयेत. त्यांच्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपचे उडतात. हांगीसाठी, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात अन्न शिजवण्यासाठी, माओरी लोक दगड पारखून घेतात ते याच कारणाने.

त्यानंतर चार-पाच वेळा केवळ कागद आणि काटक्यांचा लहानसा जाळ करावा. प्रत्येक जाळ अर्ध्या तासाचा असावा आणि पुढचा जाळ शेकोटी पूर्ण थंड झाल्यावरच घालावा. दर खेपेस किंचित वाढवत जावे. पौर्णिमेच्या दिवशी शेकोटी आणून त्याच संध्याकाळी ओंडके घालणे, हा ती फोडण्याचा हमखास उपाय आहे. पाहुण्यांना बोलावण्याआधी निदान पंधरवडा हाताशी ठेवावा. प्रत्येक हिवाळ्याच्या आरंभीही हाच क्रम एक-दोन वेळा करावा, कारण उन्हाळाभर मातीने ओल धरलेली असते.

नेहमीच्या वापरातही जाळ लहानच ठेवावा. लाकडे पोटाच्या मागच्या बाजूला रचावीत आणि तोंड मोकळे सोडावे. धुरांड्याच्या टोकातून ज्वाळा बाहेर येऊ लागल्या तर जाळ मातीला सोसवेल त्याहून मोठा झाला आहे, असे समजावे.

सरपण

लाकूड कोरडे असावे. वर्षभर आडोशाला, खालून हवा खेळेल असे रचलेले लाकूड उत्तम. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळलेले. बद्द आवाज आला तर ओले. पाइन लवकर पेटते आणि लवकर संपते, म्हणून आरंभाला ते बरे. मानुका जड, दीर्घकाळ आच देणारे. त्याचे एकच लहान फाटे पुरते. मॅक्रोकार्पा ठिणग्या फार उडवते. मुले जवळ बसणार असतील तर ते टाळावे.

घराच्या डागडुजीतून उरलेले फळकूट मात्र कधीही जाळू नये. न्यूझीलंडमध्ये कुंपणाचे खांब आणि डेकच्या फळ्या कुजू नयेत म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांत मुरवलेल्या असतात. असे लाकूड बहुधा हिरवट दिसते, पण जुने झाले की रंगाने ओळखू येत नाही. ते जाळल्यास धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरते. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, एमडीएफ आणि प्लास्टिक यांनाही हाच नियम. लाकडाचा इतिहास ठाऊक नसेल तर ते शेकोटीत घालू नये.

सरपणाचा विषय निघाला की आपल्या समाजाला आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. गावगाड्यात लाकडे फोडून देणे, सरपण वाहून आणणे ही महार वतनाच्या बिनमोल राबणुकीतली कामे होती. कुऱ्हाड आपल्या हातात, घाम आपला, आणि ऊब दुसऱ्याच्या वाड्यात, असा तो व्यवहार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. पुढे १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला. आज ते रापातल्या परसात एखादा गृहस्थ शनिवारी सकाळी आपल्या शेकोटीसाठी लाकूड फोडतो, तेव्हा काम तेच असते; पण ते करावे की नाही हे तो स्वतः ठरवतो आणि ऊब त्याच्याच लेकरांना मिळते. हा फरक मुलांना सांगण्याजोगा आहे.

धूर

चुलीविषयी बोलताना आपण फार लवकर हळवे होतो. चुलीवरच्या भाकरीची चव आठवते. ती भाकरी थापताना पदराने डोळे पुसणारी आई मात्र आठवणीच्या कडेला राहते. घरातल्या धुरामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया, स्त्रियांचा दमा आणि फुप्फुसांचे जुनाट विकार, हृदयविकार, मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकापासून भारतीय खेड्यांतल्या स्वयंपाकघरांत हा धूर मोजला, तेव्हा कुठे जगाने त्याची दखल घेतली. आपल्या घरांतल्या कित्येक आज्यांचा खोकला हा ‘वयोमानाचा’ नव्हता.

म्हणून आमचा आग्रह असा की, परसातल्या शेकोटीने धुराची परतफेड करू नये. कोरडे लाकूड, लहान जाळ आणि मोकळे तोंड असेल तर पहिल्या दहा मिनिटांनंतर धुरांड्यातून जेमतेम विरळ वाफ दिसते. दाट पांढरा किंवा करडा धूर येत राहिला तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे. आणखी लाकूड घातल्याने तो कमी होणार नाही. दमेकरी, गर्भवती आणि तान्ही मुले यांची बैठक वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवावी. धुके खाली उतरून वारा पडला असेल त्या संध्याकाळी धूर वर न जाता शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. अशा दिवशी शेकोटी न पेटवणेच योग्य. शेजाऱ्यांना आधी सांगावे, जमल्यास बोलवावे.

भाकरी या शेकोटीवर होत नाही. तिला तवा ठेवायला जागा नाही आणि तेल-चरबी मातीत मुरून तिला खराब करते. परंतु जाळ ओसरल्यावर निखाऱ्यांत भरताचे वांगे भाजता येते, कणसे भाजता येतात, आणि इथला कुमारा, म्हणजे आपले रताळेच, फॉइलमध्ये गुंडाळून पुरला की तासाभरात लुसलुशीत होतो. चिमटा मात्र लांब दांड्याचा घ्यावा.

विझवणे आणि राख

तापलेल्या शेकोटीवर कधीही पाणी ओतू नये. ती तत्क्षणी तडकते. लाकूड घालणे तासभर आधी थांबवावे आणि निखारे आपोआप निवू द्यावेत. लगेच विझवणे भाग पडले तर कोरडी वाळू टाकावी. पाण्याची बादली किंवा नळी जवळ असावी, ती उडालेल्या ठिणगीसाठी. शेकोटीभोवती एक मीटरची रेघ आखून मुलांना तिच्याबाहेर बसवावे. मातीचे अंग लाल होत नाही, त्यामुळे ते किती तापले आहे हे लहानांना कळत नाही. एक प्रौढ व्यक्ती शेवटपर्यंत जवळ असलीच पाहिजे.

राखेत दडलेले निखारे पाच दिवसांपर्यंत धग धरू शकतात. तेव्हा राख धातूच्या झाकणाच्या डब्यात काढून वर पाणी शिंपडावे आणि तो डबा घरापासून दूर ठेवावा. कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात ती थेट टाकू नये. निव्वळ लाकडाची, थंड झालेली राख वाफ्यात थोडी थोडी मिसळता येते. गावी आपण तिने भांडी घासली, कडधान्याला किडीपासून राखले. राख टाकाऊ नसते हे आपल्याला नव्याने शिकावे लागत नाही.

पाऊस, थंडी आणि चिरा

वायकाटोचा हिवाळा ओला असतो. शेकोटी निवल्यावर तिच्यावर हवा खेळेल असे आच्छादन घालावे. प्लास्टिक घट्ट बांधल्यास आतली ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. शक्य असल्यास कडाक्याच्या दिवसांत ती थंड व रिकामी करून पडवीत ठेवावी. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात पूर्ण वाळल्यावर, बाहेरच्या अंगाला पाणी न शिरू देणारा लेप लावावा. आतून तो लावू नये. त्याच वेळी धुरांड्यातली काजळी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने काढावी.

पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या रेषा निरुपद्रवी असतात. नख अडकेल एवढी चीर असेल तर भट्टीसाठी मिळणारे उष्णतारोधक सिमेंट भरून, ते दोन-तीन दिवस वाळवून, पुन्हा काटक्यांच्या जाळापासून आरंभ करावा. साधे सिमेंट उष्णतेत टिकत नाही. चिरेतून आतला विस्तव दिसू लागला किंवा धुरांडे हलू लागले तर त्या शेकोटीला विश्रांती द्यावी. तिच्या पोटात माती भरून पुदिना लावता येतो.

नियम

न्यूझीलंडमध्ये उघड्यावरच्या विस्तवासाठी हंगामाच्या तीन अवस्था असतात: खुला, मर्यादित आणि निषिद्ध. २०१७ साली स्थापन झालेली फायर अँड इमर्जन्सी न्यूझीलंड ही संस्था त्या जाहीर करते, आणि तिच्या ‘चेक इट्स ऑलराइट’ या संकेतस्थळावर आपला पत्ता घालून त्या दिवसाची स्थिती पाहता येते. नगरपालिकेचे आणि प्रादेशिक परिषदेचे धुराविषयीचे नियम वेगळे पाहावेत. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची लेखी अनुमती घ्यावी. डिसेंबरात, मनुस्मृती दहन दिनाच्या सुमारास, इथे उन्हाळा असतो आणि गवत वाळलेले असते. त्या दिवशी प्रतीकात्मक विस्तवाचा विचार असेल तर तो बंदीच्या काळात मेणबत्तीवर भागवावा. आग आटोक्याबाहेर गेली तर क्षणही न दवडता १११ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

या भूमीत विस्तवाला आणखी एक अर्थ आहे. माओरी भाषेत ‘अही का’ म्हणजे तेवता ठेवलेला विस्तव. ज्या कुळाने एखाद्या जागी आपला विस्तव तेवत ठेवला, त्याचा त्या भूमीवरचा हक्क जिवंत मानला जातो. १८६० च्या दशकात वायकाटोच्या लोकांची जमीन सरकारने जप्त केली. १९९५ च्या समझोत्याने तिचा थोडा भाग परत मिळाला. ते रापातला हवाई दलाचा जुना तळ त्यांतलाच. आपण जिथे आठवड्याचा बाजार करतो ते ‘द बेस’ त्याच जमिनीवर उभे आहे आणि त्याचे नावही त्या तळावरून आले आहे. आपण इथे पाहुणे म्हणून आलो आणि नागरिक झालो. आपल्या शेकोटीने कोणाच्या भूमीवर हक्क सांगायचा नाही. पण ज्यांनी हिसकावलेले घर मागून मिळवले, त्यांच्या शेजारी आपण विस्तव पेटवतो आहोत, हे मुलांना ठाऊक असावे.

आपल्या आज्यांपुढे चूल पेटवावी की नाही, हा पर्याय कधीच नव्हता. आपल्यापुढे तो आहे. विस्तव हा आपल्या लेखी देव नाही आणि नशीबही नाही. ते एक साधन आहे, आणि साधनाची जबाबदारी ते वापरणाऱ्यावर असते. येत्या पौर्णिमेपूर्वी एखादा कोरडा दिवस पाहून शेकोटीवरचे आच्छादन काढा, तिच्या अंगावरून हात फिरवून चिरा तपासा, आणि पहिला जाळ काटक्यांचाच घाला.